चौदा सेकंदांची गैरहजेरी

भाचीच्या लग्नात मी मंगलाष्टकांच्या मध्येच पडले. 'पडले' हे मला नंतर सांगण्यात आले. मला स्वतःला आठवते ते एवढेच : कर्वे रस्त्यालगतचे कार्यालय, मे महिन्याचा दुसरा आठवडा, १२ वाजून ३७ मिनिटांचा मुहूर्त. अंतरपाटाच्या अलीकडे भाची, तिच्या मागे तिचा मामा आणि मामाच्या शेजारी निरांजनाचे तबक घेऊन मी, आत्या. पहाटे पाचला घेतलेल्या अर्ध्या कप चहाखेरीज पोटात काही नव्हते. अंगावर पैठणी, डोक्यावर शूटिंगचे दिवे. वरपक्षाकडच्या एका काकांच्या हाती माइक गेला होता आणि त्यांचे स्वरचित मंगलाष्टक संपता संपत नव्हते. मग त्यांचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा येऊ लागला. कानात गुंई असा नाद भरला. आणि त्यापुढचे दृश्य एकदम छताचा पंखा, वर्तुळाकार वाकलेली तोंडे आणि माझ्या नाकाशी धरलेली कोणाची तरी कोल्हापुरी चप्पल.

मधल्या वेळाचे काय? झोपेतून उठल्यावर आपण झोपलो होतो एवढे तरी कळते. इथे तेही नव्हते. पुस्तकातले एक पान कोणी फाडून न्यावे आणि वाक्य मात्र पुढच्या पानावर तसेच चालू राहावे, तसे झाले. भोवती एव्हाना उपचारांची गर्दी झाली होती. भटारखान्यातून कापलेला कांदा आला होता, कोणी मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबत होते, एक गृहस्थ दातखिळी बसू नये म्हणून चमचा घेऊन सज्ज होते. दोघांनी मला उचलून खुर्चीवर बसवले आणि डोळ्यांपुढे पुन्हा अंधारी आली. शेवटी फिजिओथेरपी शिकणाऱ्या एका मुलीने सगळ्यांना दरडावून बाजूला केले, मला आडवे निजवले आणि पायांखाली लोड सरकवला. दोन मिनिटांत मी तबकाची चौकशी करत होते. तबक मामाने वेळीच धरले होते, म्हणून पैठणी वाचली.

लग्न लागले, अक्षता पडल्या, पंगती बसल्या. पंगतीत जिलबीबरोबर माझे निदानही वाढले जात होते. शुगर, बीपी, पित्त, दृष्ट. एक शब्द मात्र दबक्या आवाजात फिरत होता. वहिनी खोलीत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "ताई, त्यांच्याकडच्या कोणीतरी विचारलं, तुमच्यात फिटा येतात का कुणाला म्हणून." लग्न लागून तास झाला नव्हता. मुलगी अजून सासरी गेलीही नव्हती.

सोमवारी भावाने मला हृदयरोगतज्ज्ञांकडे नेले. बाकावर बसल्या बसल्या तो मला धीर देत होता. "अगं, गडकरींनासुद्धा आली होती चक्कर, तीही व्यासपीठावर." खरे होते ते. ७ डिसेंबर २०१८ रोजी राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात राष्ट्रगीत चालू असताना नितीन गडकरी कोसळले. शेजारी उभ्या असलेल्या राज्यपाल विद्यासागर राव यांनी त्यांना सावरले. साखर कमी झाल्याने असे झाले, असे गडकरींनी नंतर कळवले. पुढे २४ एप्रिल २०२४ रोजी पुसदच्या प्रचारसभेत बोलता बोलता त्यांची शुद्ध हरपली. त्या वेळी त्यांनी कारण दिले ते उन्हाचे. थोड्या वेळाने परत येऊन त्यांनी भाषण पुरेही केले. त्यांच्या प्रकृतीविषयी तर्क करणे हे आपले काम नव्हे. पण दोन्ही प्रसंगांची दृश्ये देशाने पाहिली आणि घरोघरी निदाने झाली, ती माझ्या पंगतीतल्यांपेक्षा फार वेगळी नसावीत. शिवाय दोन्ही वेळा माणूस उभा होता, हेही कोणाच्या फारसे लक्षात आले नाही.

आत गेल्यावर डॉक्टरांनी नाडी पाहिली नाही, यंत्रही लावले नाही. विचारले, "काय झालं?"

"चक्कर आली."

"चक्कर म्हणजे नक्की काय?"

आता याला काय उत्तर द्यावे? पण विचार करू लागले तसे लक्षात आले, की आपल्या भाषेत या एका घटनेसाठी शब्दांची चंगळ आहे आणि आपण सगळ्यांवर एकच पांघरूण घालतो. भोवती घर फिरते तीही चक्कर. ते बहुधा आतल्या कानाचे दुखणे असते. तोल जातो तीही चक्कर. उठून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते तीही चक्कर, आणि शुद्ध हरपून माणूस खाली येतो तीही चक्करच. आपल्या जुन्या वैद्यांनी अधिक काटेकोरपणा दाखवला होता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चोविसाव्या अध्यायात मद, मूर्च्छा आणि संन्यास अशा तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिल्या दोन वेग ओसरला की आपोआप शमतात, संन्यास मात्र औषधावाचून शमत नाही, असा तिथला भेद आहे. अपस्माराचे, म्हणजे ज्याला आपण फेफरे, आकडी किंवा फिट म्हणतो त्याचे प्रकरण चरकांनी निराळेच ठेवले. आजही डॉक्टर पहिली फोड तिथेच करतात : शुद्ध खरोखर गेली होती का, आणि आपोआप परत आली का?

मी जे आठवत होते ते सांगितले. ते ऐकून डॉक्टर म्हणाले, "ही झाली आधीची आणि नंतरची गोष्ट. मला मधली हवी आहे. ती तुमच्याकडे नाही. पाहिलं कोणी?"

इथेच या दुखण्याची खरी अडचण आहे. पोट दुखते ते आपल्याला, ताप चढतो तो आपल्याला. पण शुद्ध हरपते तेव्हा रोगी सोडून सगळे हजर असतात. त्यामुळे मामा आणि वहिनी असे दोन साक्षीदार दवाखान्यात उभे राहिले. मामाच्या म्हणण्याप्रमाणे मी दोन-तीन मिनिटे पडून होते, डोळे पांढरे झाले होते आणि हातपाय झाडत होते. वहिनीच्या मते अर्धे मिनिट, आणि झटके वगैरे काही नाहीत. दोघेही शपथेवर सांगायला तयार. घाबरलेल्या माणसाचे घड्याळ पुढे धावते, हे डॉक्टरांना ठाऊक होते. पण 'हातपाय झाडत होती' या तीन शब्दांनी फाइलमध्ये प्रश्नचिन्ह पडले. मेंदूच्या आलेखाची गोष्ट निघाली.

दरम्यान नातलगांपैकी निम्म्यांचा आग्रह होता, की थेट मेंदूचा एमआरआय करून मोकळे व्हावे. डॉक्टरांनी मान हलवली. साध्या मूर्च्छेत मेंदूच्या फोटोत काही सापडण्याची शक्यता फार कमी. डोक्याला मार लागला असेल, हात-पाय लुळा पडला असेल, बोलणे अडखळत असेल तर गोष्ट वेगळी. त्यांनी काय केले, तर मला दहा मिनिटे निजवून रक्तदाब पाहिला आणि मग उभे करून तीन मिनिटांत पुन्हा दोनदा पाहिला. वरचा आकडा १८ने उतरला. २०ने उतरला असता तर तेवढ्यावरच एक निदान झाले असते. रक्तदाबासाठी मी रोज जी गोळी घेत होते तीत लघवी वाढवणारे औषधही होते, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

मग त्यांनी समजावून सांगितले ते असे. आपण स्थिर उभे राहतो तेव्हा अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत साचते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू ते वर ढकलत राहतात. नुसते उभे राहिले की तो पंप बंद. एरवी हृदय थोडे जलद होऊन आणि रक्तवाहिन्या आवळल्या जाऊन हिशेब जुळतो. पण उकाडा, उपास, गर्दी, दुखणे, रक्ताचे दर्शन यांपैकी काही जमून आले, की कधी कधी मेंदूकडून उलटाच हुकूम सुटतो. व्हेगस नावाची मज्जा हृदयाला सावकाश चालायला लावते, रक्तवाहिन्या सैल पडतात आणि दाब कोसळतो. मेंदूचा रक्तपुरवठा सहा-आठ सेकंद तुटला तरी शुद्ध जायला पुरे. लंडनचे सर टॉमस लुइस यांनी १९३२ साली या प्रकाराला 'व्हॅसोव्हेगल' असे नाव दिले, ते आजही चालते. गंमत म्हणजे पडणे हाच त्यावरचा उपाय : माणूस आडवा झाला की मेंदू हृदयाच्या पातळीला येतो आणि रक्त पोचते. मला खुर्चीवर बसवणाऱ्यांनी नेमका तोच उपाय काढून घेतला होता. आयुष्यात केव्हातरी एकदा अशी शुद्ध हरपलेली माणसे साधारण तिघांत एक निघतात. १३ जानेवारी २००२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश टीव्हीवर फुटबॉल पाहता पाहता बेशुद्ध पडले होते. घशात बिस्किटाचा तुकडा अडकून हीच मज्जा चाळवली गेली, असे त्यांच्या डॉक्टरांनी सांगितले. रात्री अर्धवट झोपेत उठून लघवीला उभे राहणारे वयस्क पुरुष न्हाणीघरात कोसळतात, त्यामागेही बऱ्याचदा हेच असते. अशांनी बसून लघवी करावी, एवढा साधा सल्ला त्यावर आहे.

आणि साखर? मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांत साखर घसरून शुद्ध जाऊ शकते, तिथे हयगय नको. पण जो माणूस अशी औषधे घेत नाही आणि पेढा न खाता अर्ध्या मिनिटात उठून बसतो, त्याची साखर कमी झाली होती हे म्हणणे सहसा टिकत नाही. चप्पल-कांद्याचेही तसेच आहे. फिट असो वा मूर्च्छा, बहुतेक वेळा ती मिनिट-दोन मिनिटांत आपोआप थांबते, आणि तोवर कांदा येऊन पोचलेला असतो.

आठव्या दिवशी शूटिंगवाल्या मुलाचा भावाला फोन आला. "काका, आत्या पडल्या तो भाग काढून टाकू ना?"

भाऊ 'हो' म्हणणारच होता. मी जवळजवळ ओरडलेच.

दोन कॅमेरे होते. एक नवरानवरीवर, दुसरा बाजूने, आणि त्या दुसऱ्यात मी डोक्यापासून पायापर्यंत. डॉक्टरांच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून आम्ही तो तुकडा पाहिला. स्वतःला असे पाहणे विचित्र असते. पडण्यापूर्वी मी दोनदा जांभई दिली होती, एका पायावरून दुसऱ्यावर भार देत होते. मला यातले काहीच आठवत नाही. मग चेहरा पांढरा पडत गेला. तबक कलले, मामाचा हात पुढे आला. गुडघे दुमडले आणि मी पोते घसरावे तशी खाली आले. ओंडक्यासारखी ताठ नाही. डोळे सताड उघडे. उजव्या हाताला तीन-चार वेडेवाकडे झटके. मग डोळे फिरले, मामाकडे लागले आणि ओठ हलले. डॉक्टरांनी खालच्या आकड्यांवर बोट ठेवले. चौदा सेकंद.

"झटके आहेत," भाऊ हळूच म्हणाला.

"असतात," डॉक्टर म्हणाले. १९९४ साली जर्मनीत काही निरोगी तरुणांना मुद्दाम मूर्च्छा आणून त्यांचे चित्रण करण्यात आले होते. ४२ जणांची शुद्ध पुरती हरपली आणि त्यांतल्या ९० टक्के जणांना असेच झटके आले. डोळे बहुतेकांचे उघडेच होते. रक्ताला तहानलेला मेंदू असा तडफडतो, त्यासाठी अपस्मार असावा लागत नाही. फिटमध्ये झटके सहसा अधिक वेळ आणि ठेक्यात येतात, मान एका बाजूला वळते, जिभेची कड चावली जाते, चेहरा निळसर पडतो, आणि मुख्य म्हणजे शुद्ध आल्यावरही माणूस बराच वेळ गोंधळलेला असतो. मी चौदाव्या सेकंदाला तबक विचारत होते. युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली मूर्च्छेविषयी ज्या सूचना काढल्या, त्यांत अशा घरगुती चित्रणाचा उपयोग करून घ्यावा असे म्हटले आहे. रोग्याला आडवे करून, श्वास चालू आहे हे पाहून, कोणी एकाने मोबाइल सुरू केला तर तो आगाऊपणा समजू नये. श्वासच नसेल, तर मात्र मोबाइल १०८ लावण्यासाठी आणि दोन्ही हात छाती दाबण्यासाठी.

'फिट नाही' हे ऐकून मी हुश्श केले आणि मग स्वतःचीच लाज वाटली. आमच्या शेजारी एक मुलगी होती. तिच्या गोळ्या वर्षानुवर्षे व्हिटॅमिनच्या बाटलीत राहिल्या, का ते मला उशिरा कळले. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात फिटा येणे ही विवाहाआड येणारी गोष्ट मानली होती. तो शब्द कायद्यातून गेला १९९९ साली. पंगतीतून अजून गेलेला नाही. पुण्यातच 'संवेदना फाउंडेशन'सारखा अपस्मारग्रस्तांचा मदतगट उभा राहिला, त्यांनी अशा मुलामुलींसाठी वधूवर मेळावेही भरवले. नियमित औषधांनी ७० टक्क्यांपर्यंत रुग्णांच्या फिटा ताब्यात राहू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. समजा माझी ती फिटच असती, तरी भाचीच्या संसाराचे त्यात काय बिघडणार होते?

डॉक्टर मात्र अजून उठले नव्हते. "वडील कशाने गेले?"

वडील बेचाळिसाव्या वर्षी गेले. सायकलवरून उतरता उतरता. 'हार्ट फेल' एवढेच आमच्या घरात सांगितले जाई. डॉक्टरांची लेखणी थांबली. मूर्च्छा साधी की घातक हे ठरवताना ते जे प्रश्न विचारतात, त्यांत घरात कोणी तरुणपणी अचानक गेले आहे का, हा वरचा प्रश्न असतो. बाकीचेही घरोघरी माहीत असावेत असे : पडण्याआधी काही पूर्वसूचना होती का, की दिवा मालवावा तसे झाले? छातीत धडधडले होते का? बसलेले किंवा निजलेले असताना झाले का? आणि चढताना, पळताना, ओझे उचलताना झाले का? श्रम करताना शुद्ध जाणे हे हृदयाची झडप अरुंद झाल्याचे, स्नायू जाड झाल्याचे किंवा ठोक्यांची लय बिघडल्याचे लक्षण असू शकते. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनच्या मैदानावर डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिकसन पळता पळता पडला ती मूर्च्छा नव्हती. हृदय थांबले होते. जागीच छाती दाबून आणि विजेचा धक्का देऊन त्याला परत आणले, छातीत छोटे यंत्र बसवले, आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा खेळू लागला. ठोके मधूनच थांबल्याने दिवसातून अनेकदा शुद्ध हरपणाऱ्या आर्ने लार्सन या स्वीडिश गृहस्थांच्या शरीरात १९५८ साली जगातला पहिला पेसमेकर बसवण्यात आला. तो काही तासांतच बंद पडला, दुसरा बसवावा लागला. लार्सन मात्र २००१पर्यंत जगले.

माझा ईसीजी झाला, इको झाला, चोवीस तास छातीला होल्टरच्या तारा लावून मी पोळ्या लाटल्या. हे होईपर्यंत स्कूटर बंद. पुण्यात स्कूटर बंद म्हणजे काय ते पुणेकरांना सांगायला नको. कोथरूडहून मंडईत जायला मला परदेशगमनासारखी तयारी करावी लागली. रिक्षात बसल्या बसल्या आठवले, की वाहन परवान्याच्या अर्जाबरोबरच्या नमुना १ मध्ये पहिल्याच प्रश्नात अपस्मार किंवा कोणत्याही कारणाने अचानक शुद्ध हरपण्याचे वा घेरी येण्याचे झटके येतात का, असे विचारलेले असते. मी तिथे 'नाही' लिहून सही केली होती. आपण सगळेच करतो. प्रश्न वाचून किती जण करतात?

सगळे अहवाल चांगले आले. 'बहुधा' व्हॅसोव्हेगल, डॉक्टर म्हणाले. बहुधा? हो, बहुधा. टेबलाला बांधून उभे करायची एक चाचणी असते, पण माझ्या चित्रणानंतर तिची गरज त्यांना वाटली नाही. पुन्हा झाले तर कातडीखाली एक छोटेसे यंत्र बसवता येते, ते काही वर्षे ठोक्यांची नोंद ठेवते. तूर्त गोळी बदलली, पाणी वाढवले, आणि कानात गुंई झाले की लाजलज्जा सोडून खाली बसायचे, ते शक्य नसेल तर पाय एकमेकांत अडकवून मांड्या आणि मुठी आवळायच्या, एवढे शिकवले. वडिलांच्या बाबतीत काय घडले असेल, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. ते पडले तेव्हा पाहणारे कोणी उरलेले नाही.

लग्नाच्या अधिकृत चित्रणात चौथ्या मंगलाष्टकानंतर एकदम हार घातले जातात. ते चौदा सेकंद माझ्या फाइलमध्ये, पेनड्राइव्हवर आहेत.

गेल्या महिन्यात भाचीच्या सासूबाईंचा फोन आला. इकडचे तिकडचे झाले, आणि मग त्या अवघडून म्हणाल्या, "तुम्हाला झालं ना तसं मलाही होतं हो मधून मधून. घरात कोणाला बोलले नाही. नवीन सूनबाई काय म्हणेल."

मी विचारले, "कधी होतं? रांगेत उभं राहून?"

"छे, रांगेत नाही. पर्वती चढताना. दोनदा झालं."

गुरुवारची वेळ घेतली आहे. मी बरोबर जाणार आहे.